छोट्या ऑफिसचा बॅकअप: दोन प्रती एकाच कारणाने जाऊ नयेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पंधरा जणांचं ऑफिस. एक विंडोज सर्व्हर, त्यावर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमधला डेटाबेस आणि सगळ्यांचं सामायिक फोल्डर, मिळून साधारण ८०० जीबी. मेल मायक्रोसॉफ्ट ३६५ वर. सर्व्हरला एक यूएसबी हार्ड डिस्क कायम लावलेली असते आणि रोज रात्री रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करणाऱ्या प्रोग्रामची स्क्रिप्ट सगळं तिच्यावर कॉपी करते. एवढं पुरेसं आहे का? नसेल तर नॅस (नेटवर्कला जोडलेली, डेटा साठवणारी डिस्कची पेटी) घ्यावा की क्लाउड, आणि नेमकं काय काय करावं?

पुरेसं नाही, आणि आधी ते का हे समजून घ्या, कारण पुढची सगळी रचना त्यावरूनच ठरते.

तुमच्याकडे आज दोन प्रती आहेत, पण दोन्ही एकाच फटक्यात जाऊ शकतात. सर्व्हर चोरीला गेला, आग लागली, विजेचा मोठा झटका बसला तर डिस्कही त्याच्यासोबत जाते. रॅन्समवेअर (डेटा एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून, खंडणी मागणारा प्रोग्राम) शिरलं तर ती डिस्क त्याला आणखी एक ड्राइव्ह म्हणून उघडी दिसते आणि तीही एन्क्रिप्ट होते. स्क्रिप्ट मिरर पर्यायाने चालत असेल तर सोमवारी दुपारी चुकून डिलीट झालेलं फोल्डर सोमवारी रात्री डिस्कवरूनही पुसलं जातं. मंगळवारी कोणाच्या लक्षात आलं तरी परत आणायला काही उरलेलं नसतं.

डेटाबेसची अवस्था याहून वाईट असण्याची शक्यता आहे. एसक्यूएल सर्व्हर चालू असताना त्याची एमडीएफ, म्हणजे मुख्य डेटाची, फाइल त्याने धरून ठेवलेली असते, त्यामुळे रोबोकॉपीला ती उघडता येत नाही. रोबोकॉपीची मूळ सेटिंग अशी आहे की न उघडणाऱ्या फाइलवर १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे सेटिंग बदललेली नसेल तर स्क्रिप्ट त्या फाइलवर अडकून बसलेली असेल आणि तिच्यानंतरची फोल्डरं कॉपीच झालेली नसतील. आणि प्रयत्नांची संख्या कमी केलेली असेल तर ती फाइल सोडून स्क्रिप्ट पुढे गेली असेल. लॉगच्या शेवटच्या तक्त्यात ‘फेल्ड’चा रकाना आजच बघा.

३-२-१ चा नियम तुम्ही ऐकला असेल: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने तो लोकप्रिय केला आणि अजूनही तो उपयोगी आहे. पण नुसते आकडे जुळवून भागत नाही. प्रत्येक प्रतीकडे बघून विचारायचं: कोणत्या एका घटनेने ही आणि मूळ डेटा दोन्ही जातील? एकच इमारत, एकच पासवर्ड, एकच सॉफ्टवेअर, एकाच माणसाची एकच चूक, यांपैकी काहीही सामायिक असेल तर तिथे प्रती मोजायला दोन असल्या तरी संरक्षण एकाच प्रतीचं आहे. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत जळून गेलं. ज्या ग्राहकांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. क्लाउडमध्ये आहे म्हणजे दूर आहे, असं गृहीत धरू नका. कोणत्या शहरात आहे ते तपासा.

आता आकडे. खरेदीच्या आधी दोन गोष्टी मालकाकडून लेखी ठरवून घ्या. एक, जास्तीत जास्त किती वेळचं काम पुन्हा करावं लागलं तर चालेल? दोन, सर्व्हर बंद पडल्यावर किती तासांत काम सुरू व्हायला हवं? पहिल्याला आरपीओ म्हणतात, दुसऱ्याला आरटीओ. हिशेबाच्या डेटाबेससाठी बहुतेक जण एक तास आणि चार तास असं काहीतरी सांगतात, फाइलींसाठी एक दिवस आणि एक दिवस. ही उत्तरं मिळाली की नॅस की क्लाउड हा वाद आपोआप मिटतो, कारण नेटवर्कचं गणित आड येतं. १ गिगाबिटच्या ऑफिसच्या नेटवर्कवर प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, म्हणजे ८०० जीबी परत आणायला दोन तास. हाच डेटा १०० मेगाबिटच्या इंटरनेटवरून उतरवायला सुमारे १८ तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेळ भरून वाहिली तर. चढवताना अपलोड २० मेगाबिट असेल तर पहिली पूर्ण प्रत जायला पावणेचार दिवस. रोज एक टक्का डेटा बदलतो असं धरलं तर रोजचे ८ जीबी मात्र तासाभरात जातात. तेव्हा लवकर परत येण्यासाठी नॅस, इमारतच गेली तर क्लाउड. दोन्ही लागतात आणि दोघांची कामं वेगळी आहेत.

नॅस दोन डिस्कचा, रेड १ मध्ये (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), प्रत्येकी ४ टीबी. आजचे ८०० जीबी, ३० दिवसांचे रोजचे बदल मिळून २४० जीबी, त्यावर महिन्यांच्या प्रती आणि तीन वर्षांची वाढ, एवढं त्यात बसतं. डिस्क सीएमआर प्रकारची आहे याची खात्री करून घ्या. एसएमआर डिस्क सलग लिहिताना आणि विशेषतः रेड नव्याने बांधताना फार मंदावतात. रेड आहे म्हणजे बॅकअप आहे, असं मात्र समजू नका. एक डिस्क मेली तरी काम चालू राहावं एवढाच रेडचा उपयोग. डिलीट केलेली फाइल रेड दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी डिलीट करतं.

सर्व्हरची इमेज, म्हणजे पूर्ण मशीनची प्रत, नॅसवर रोज रात्री घ्या. सिनॉलॉजीचं अॅक्टिव्ह बॅकअप फॉर बिझनेस, वीम एजंट किंवा तत्सम काहीही चालेल. विंडोजच्या व्हीएसएस (वापरात असलेल्या फाइलींचीही प्रत घेऊ देणाऱ्या) सेवेमार्फत चालणारं, पूर्ण मशीन परत उभं करू देणारं आणि त्यातून एखादी फाइलही काढू देणारं असावं. व्हीएसएस अधूनमधून रुसतं. एखादा रायटर (प्रत घेण्याआधी आपापल्या प्रोग्रामचा डेटा तयार ठेवणारा भाग) ‘फेल्ड’ दाखवू लागतो आणि बॅकअप थांबतो. बहुधा संबंधित सेवा किंवा सर्व्हर पुन्हा सुरू केला की सुटतं. वारंवार होत असेल तर डिस्कवर रिकामी जागा किती उरली आहे ते आधी बघा.

डेटाबेसचा बॅकअप इमेजवर सोडून देऊ नका, त्याचा स्वतःचा वेगळा घ्या. एक्सप्रेस आवृत्तीत एसक्यूएल एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारी सेवा) नसतो, त्यामुळे वेळापत्रक विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी (एसक्यूएलच्या कमांड देणारा प्रोग्राम) चालवून लावावं लागतं. रिकव्हरी मॉडेल (प्रत्येक बदलाची नोंद, म्हणजे लॉग, कसा ठेवायचा याची सेटिंग) ‘फुल’ ठेवा, रोज रात्री पूर्ण बॅकअप आणि कामाच्या वेळात दर तासाला लॉग बॅकअप. एक तासाचा आरपीओ फक्त यानेच पाळला जातो. मॉडेल फुल ठेवलं आणि लॉग बॅकअप लावायला विसरलात तर लॉग फाइल वाढत वाढत डिस्क भरते आणि हिशेब थांबतो, हे या व्यवसायातलं रोजचं दुखणं आहे. बॅकअप घेताना चेकसमचा (डेटा बिघडलेला नाही ना हे ताडणारा) पर्याय चालू ठेवा. त्या फाइली आधी सर्व्हरवरच वेगळ्या फोल्डरमध्ये लिहा आणि तिथून नॅसकडे दर तासाला ओढून घ्या. रात्रीपर्यंत सर्व्हरवरच पडून राहिल्या तर सर्व्हर गेला की दिवसभराचे लॉगही गेले.

डेटाबेस मायएसक्यूएल असलेल्यांसाठी एक सापळा सांगून ठेवतो. लोक डंप, म्हणजे सगळा डेटा ओतलेली फाइल, काढून तो थेट जीझिप या आकार घटवणाऱ्या प्रोग्रामला पाइप करतात, म्हणजे एकाचं आउटपुट सरळ दुसऱ्यात सोडतात. मधेच पासवर्ड बदलला किंवा डंपचा प्रोग्राम कुठल्याशा कारणाने चालला नाही, तर जीझिप रिकाम्या इनपुटची बिनतक्रार फाइल बनवतं. ती बरोबर २० बाइटची असते, आणि स्क्रिप्ट ‘यशस्वी’ म्हणून संपते, कारण पाइपमधल्या शेवटच्या प्रोग्रामचंच उत्तर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) ग्राह्य धरतो. रोज तारखेची नवी फाइल दिसते, नाव बरोबर, विस्तार बरोबर, आत काही नाही. बॅश या शेलमध्ये पाइपफेल (मधला कोणताही प्रोग्राम फसला तर पूर्ण पाइप फसला असं धरणारा पर्याय) चालू करा, आणि फाइलचा आकार कालच्यापेक्षा निम्म्याहून कमी असेल तर स्क्रिप्टने ओरडावं अशी तपासणी घाला. आणि टेबलं इनोडीबी या साठवणीच्या प्रकाराची असतील तरच सिंगल-ट्रान्झॅक्शनचा पर्याय सुसंगत प्रत देतो. मायआयसॅम टेबलांना त्याचा उपयोग नाही.

पासवर्डवर थोडं थांबतो, कारण चांगल्या रचना इथेच फुटतात. रॅन्समवेअर चालवणारे आता डेटा एन्क्रिप्ट करण्याआधी बॅकअप शोधून नष्ट करतात. त्यांच्या हाती डोमेनच्या (ऑफिसमधल्या सगळ्या विंडोज मशीनच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेच्या) अॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि त्याने जे जे उघडतं ते सगळं जातं. विंडोजच्या शॅडो कॉपी (विंडोज स्वतः ठेवतं त्या जुन्या आवृत्त्या) तर एका कमांडने पुसल्या जातात. म्हणून नॅस डोमेनला जोडू नका. त्यावर वेगळा युजर, वेगळा पासवर्ड, दोन टप्प्यांचं लॉगिन. हा पासवर्ड ऑफिसच्या कुठल्याही ब्राउझरमध्ये साठवू नका. बॅकअपचं फोल्डर सर्व्हरवर ड्राइव्ह म्हणून मॅप करू नका. शक्य तिथे नॅसने सर्व्हरकडून डेटा ओढावा, सर्व्हरने नॅसवर ढकलू नये. ओढणाऱ्या रचनेत सर्व्हरवर नॅसमध्ये लिहिण्या-पुसण्याचा पासवर्डच नसतो, त्यामुळे सर्व्हर ताब्यात गेला तरी तिथून नॅसवर पोचता येत नाही. आणि घरून बघता यावं म्हणून राउटरवर पोर्ट उघडून नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरने क्यूनॅपचे असे इंटरनेटवर उघडे असलेले नॅस गाठून त्यांवरचाच डेटा एन्क्रिप्ट केला होता. बाहेरून लागत असेल तर व्हीपीएन.

क्लाउडची प्रत नॅसवरून पाठवा, ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (क्लाउडमधली फाइली साठवायची सेवा) आणि ऑब्जेक्ट लॉक लावून. लॉक असेपर्यंत त्या फाइली ना बदलता येतात ना पुसता. अॅमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेमध्ये याचे दोन प्रकार आहेत. ‘गव्हर्नन्स’मध्ये विशेष परवानगी असलेला माणूस लॉक काढू शकतो. ‘कम्प्लायन्स’मध्ये मुदत संपेपर्यंत रूट खात्यालाही काढता येत नाही. कम्प्लायन्स निवडा, पण मुदत सुरुवातीला ७ दिवस ठेवून आठवडाभर नीट चालतं ना ते पाहा आणि मगच ३० करा. चुकून ३० वर्षं टाकलीत तर ते बिल भरत राहावं लागेल. तुमचं बॅकअप सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट लॉकशी जुळवून घेतं की नाही हेही आधी तपासा. जुन्या प्रती छाटायला गेलं की काही प्रोग्राम चुका देत बसतात.

डेटा ऑफिसबाहेर पाठवण्याआधी एन्क्रिप्ट झालाच पाहिजे, आणि त्याची चावी हरवली तर तो डेटा कोणीही परत देऊ शकत नाही, पुरवठादारही नाही. मग चावी ठेवायची कुठे? ज्या सर्व्हरचा बॅकअप आहे त्याच सर्व्हरवरच्या फाइलमध्ये ती असते, असं हटकून आढळतं. कागदावर छापून दोन बंद पाकिटांत, दोन वेगळ्या जागी ठेवा. सर्व्हरला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच पाकिटात.

तुमच्याकडची यूएसबी डिस्क टाकून देऊ नका. तशीच आणखी एक घ्या आणि आठवड्याला अदलाबदल करा: एक नॅसला लागलेली, दुसरी ऑफिसबाहेर कपाटात. कोणत्याही नेटवर्कला न जोडलेली प्रत हॅकरला मिळत नाही, आणि क्लाउडचं खातं बंद पडलं, लाइन तुटली तरी ती हातात असते. अशा साठवणीसाठी हार्ड डिस्क घ्या. एसएसडी वीज न देता दीर्घकाळ पडून राहिली तर तिच्यातला डेटा हळूहळू पुसट होत जातो. डिस्क एन्क्रिप्टेड असावी, ती वाटेत हरवणार हे धरूनच चाला.

प्रती किती दिवसांच्या ठेवायच्या? रोजच्या ३०, महिन्याच्या १२. अनेक जण रोजच्या फक्त सात ठेवतात, ते मला कमी वाटतं. घुसखोर कित्येकदा आठवडेच्या आठवडे आत बसून असतात. शिवाय महिनाअखेरीचा हिशेब करताना उघडलेली एक्सेल फाइल तीन आठवड्यांपूर्वीच बिघडली होती असं कळणं काही दुर्मीळ नाही. कायद्याने जी कागदपत्रं वर्षानुवर्षं ठेवावी लागतात त्यांच्यासाठी वर्षाची एक प्रत वेगळी काढा आणि वर्षं किती ते तुमच्या लेखापरीक्षकाला विचारा. इन्क्रिमेंटल (आधीच्या प्रतीनंतरचे फक्त बदल घेणाऱ्या) प्रतींची साखळी फार लांबू देऊ नका. मधली एक कडी बिघडली तर तिच्या पुढच्या सगळ्या प्रती निरुपयोगी होतात. आठवड्याला एक सिंथेटिक फुल (आधीच्या प्रती जोडून बनवलेली पूर्ण प्रत) पुरे.

मेल क्लाउडमध्ये आहे म्हणून सुरक्षित आहे, हा समज सोडा. मायक्रोसॉफ्ट ३६५ ची मेल सेवा असलेल्या एक्सचेंज ऑनलाइनमध्ये ‘डिलीटेड आयटम्स’मधूनही काढलेलं मेल मूळ सेटिंगनुसार १४ दिवसच परत आणता येतं, आणि ॲडमिन ते फार तर ३० पर्यंत वाढवू शकतो. वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटचा रिसायकल बिन ९३ दिवसांचा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लायसन्स काढलं की त्याचा मेलबॉक्स ३० दिवसांनी जातो, आणि त्याची एखाद्या ग्राहकाशी झालेली बोलणी लागतात सहा महिन्यांनी. मेल, वनड्राइव्ह, शेअरपॉइंट यांचा बॅकअप नॅसवरच्या सॉफ्टवेअरने किंवा वेगळ्या सेवेने घ्या. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे हेही इथेच आलं: सिंक चूकही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतं.

लॅपटॉपसाठी सोपा मार्ग आहे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरं वनड्राइव्हकडे किंवा सर्व्हरकडे वळवा, म्हणजे ती वरच्या बॅकअपमध्ये आपोआप येतात. डाउनलोड्समध्ये लोक काम ठेवतात, तिकडेही एकदा नजर टाका. बॅकअपमध्ये घ्यायला विसरल्या जाणाऱ्या गोष्टी मात्र बऱ्याच असतात: राउटर आणि फायरवॉलची कॉन्फिगरेशन फाइल, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की आणि इन्स्टॉलर, एसएसएल सर्टिफिकेट, कंपनीच्या इंटरनेट डोमेनच्या डीएनएस नोंदी, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड आणि खुद्द नॅसची सेटिंग.

आता देखरेख. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीमध्ये एका अभियंत्याकडून चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. त्यांनी नंतर सगळं जाहीरपणे लिहिलं, म्हणून ते आपल्याला माहीत आहे. त्यांचा रोजचा पोस्टग्रेस या डेटाबेसचा डंप डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या प्रोग्रामने चालत होता, त्यामुळे तो अपयशी होत होता आणि एस३ मधली जागा रिकामी होती. अपयशाचे मेल निघत होते, पण डीमार्कच्या (मेल खऱ्या पाठवणाऱ्याकडूनच आलं ना हे बघणाऱ्या) तपासणीत अडकून परत जात होते. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) योगायोगाने काढलेला होता, त्यावरून ते उभे राहिले आणि सहा तासांचा डेटा कायमचा गेला. यावरून सेटिंग कशी बदलायची? ‘चूक झाली तर मेल पाठव’ एवढ्यावर विसंबू नका. मेलच आला नाही तर सगळं ठीक आहे असं वाटतं. उलट करा: बॅकअप यशस्वी झाला की त्याने बाहेरच्या एखाद्या सेवेला हजेरी द्यायची, आणि २६ तासांत हजेरी आली नाही तर त्या सेवेने दोन माणसांच्या फोनवर सूचना पाठवायची. दोन माणसं यासाठी की एक रजेवर असतो.

आणि परत आणून बघणं. दर महिन्याला कोणतीही तीन फाइली निवडा, एक कालची, एक महिन्यापूर्वीची, एक क्लाउडमधून, आणि उघडून पाहा. दर तिमाहीला डेटाबेस दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करा. एसक्यूएल सर्व्हरचं व्हेरिफाय-ओन्ली फक्त बॅकअपची फाइल वाचता येते का ते सांगतं, आतला डेटा निरोगी आहे की नाही ते सांगत नाही. म्हणून रिस्टोअर झाल्यावर डीबीसीसी चेकडीबी ही डेटाबेस तपासणारी कमांड चालवा आणि हिशेबनीसाला बसवून शेवटची नोंद आणि ताळेबंदाची बेरीज चालू सर्व्हरशी ताडून घ्या. वर्षातून एकदा पूर्ण सर्व्हर रिकाम्या मशीनवर किंवा व्हर्च्युअल मशीनवर उभा करा, घड्याळ लावून. त्यात ज्या गोष्टी अडतात त्या दुसरीकडे कधीच दिसत नाहीत: नव्या मशीनच्या स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, बूट होणारा पेन ड्राइव्ह कुणी बनवलेलाच नाही, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स जुन्या हार्डवेअरला बांधलेलं आहे आणि पुरवठादाराचं ऑफिस रविवारी बंद.

ही चाचणी करताना जे जे टंकलं, जे जे क्लिक केलं ते क्रमाने लिहीत जा आणि छापून चाव्यांच्या पाकिटासोबत ठेवा. वर तारीख, चाचणीला लागलेले तास आणि ती कोणी केली त्याचं नाव. पुढच्या वर्षी तोच कागद दुसऱ्या माणसाच्या हातात द्या आणि काहीही न सांगता त्याला सर्व्हर उभा करू द्या. तो जिथे अडेल तिथे कागद दुरुस्त करा.